कुटुंबप्रमुखाचा रकाना

त्या बायकांच्या नवऱ्यांची नावं मला माहीत होती. एकूण एक. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की तरुणपणी मी एका पाहणीच्या कामावर होतो आणि त्या पाहणीनंतर आमच्या वस्तीतलं दुकान उठलं. "मशीननं घालवलं," असं आमच्या घरात म्हणतात. मीही तसंच म्हणत आलो.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. मोठा दुष्काळ सरून गेला होता, पण लोकांच्या बोलण्यातून गेला नव्हता. जालना जिल्हा झाला नव्हता तेव्हा. आम्ही सगळे औरंगाबादचेच. आमचं गाव अंबड तालुक्यात, कोरडवाहू रानाचं, आणि गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती. माझ्या जन्माच्या आसपास वस्तीनं बुद्ध धम्म घेतला. देव्हारे गेले, जोगवे गेले. नवऱ्याचं नाव तोंडानं न घेण्याची रीत मात्र बायकांच्या जिभेवर तशीच राहिली. वडील सांगून थकले, की बाबासाहेबांनी असं कुठं सांगितलंय? आई म्हणायची, "न्हाई सांगितलं. पण मला न्हाई घेता येत. काय करू?"

बी.ए. झाल्यावर मला जालन्यात नोकरी लागली. ग्राहक भांडारं चालवणारी एक संस्था होती. खेड्यापाड्यांत तिची छोटी दुकानं होती: मीठ, साखर, चहापत्ती, साबण, रॉकेल, मांजरपाट. त्यातलं एक दुकान आमच्या वस्तीच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, पत्र्याच्या एका खोलीत होतं. ते माझी थोरली चुलती चालवायची. आम्ही तिला मोठीमाय म्हणायचो. काका लवकर गेले. ती सातवी शिकलेली. तराजू सरळ धरायची आणि उधारीला सरळ नाही म्हणायची.

त्या दुकानाचं आम्हाला काय होतं, ते सांगायला हवं. गावात चौकात एक जुनं दुकान होतं. तिथं आमच्या बायका ओट्याखाली उभ्या राहायच्या. वरची गिऱ्हाइकं संपली की यांची पाळी. पुडी हातात मिळायची नाही, वरून पदरात पडायची. पदर नीट धरला नसेल तर साखर मातीत. मोठीमायच्या दुकानात एकच ओळ असायची. पुढं असेल त्याला आधी. वरच्या गल्लीतल्या दोन-चार बायकाही रॉकेलसाठी यायच्या आणि मुकाट्यानं ओळीत थांबायच्या. आमच्या बायका कधी कधी नुसती काडीपेटी घ्यायला यायच्या. ओळीत उभं राहायला येत असाव्यात, असं मला आता वाटतं.

जालन्यात मी जुन्या भागात खोली घेतली होती. घरमालकांनी आडनाव विचारलं. माझं आडनाव दोन्हीकडे चालणारं. त्यांनी त्यांना हवा तो अर्थ घेतला, आणि मी मान हलवली. गाव विचारलं तेव्हा अंबड म्हणालो. तालुका सांगितला की गाव लपतं. खोटं असं काही बोललो नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्यांच्या घरी सणाला जेवलो. एकदा जेवलो की मग दुसऱ्यांदा खरं सांगणं अवघड होत जातं.

अशात संस्थेत एक साहेब आले. पुण्याचे, तिशीतले, चष्मा लावणारे, भाबडे म्हणावेत इतके उत्साही. त्यांनी आम्हा चार-पाच जणांना एका खोलीत बसवून नवी योजना समजावली. दुकान कुठं काढायचं, कुठलं हलवायचं, कुठलं बंद करायचं हे आता मुंबईचा कॉम्प्युटर सांगणार होता. त्या मशीनचे तास भाड्यानं घेतले होते. आम्ही दुकानादुकानांपुढं उभं राहून गिऱ्हाइकांचे फॉर्म भरायचे. मुंबईत त्यांच्यावरून भोकं पाडलेली कार्डं तयार होणार. मग कोणत्या गावाला किती घरं, ती किती लांबून येतात, काय नेतात, रस्ता कुठून, याचा मेळ घालून मशीन दुकानांची यादी छापून देणार.

"आजवर दुकान कुठं निघालं?" साहेबांनी विचारलं.

आमच्यातला एक वयस्कर कारकून म्हणाला, "जिथं संचालकाचा मेव्हणा तिथं."

सगळे हसले. साहेबही हसले आणि म्हणाले, "बरोबर. पण मशीनला मेव्हणा नसतो. त्याला जात माहीत नाही, पुढारी माहीत नाही. त्याला फक्त माणूस दिसतो."

मी ते ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला. मला वाटलं, आमच्यासारख्यांना जे हवं होतं ते हेच. ज्याला आडनावावरून काही कळत नाही, असं कुणीतरी.

फॉर्मवर एक रकाना होता कुटुंबप्रमुखाच्या नावाचा. साहेबांनी खडूनं त्याच्याभोवती गोल काढला. एकाच घरातली सासू सकाळी आणि सून दुपारी आली तर दोन घरं मोजली जाऊ नयेत, म्हणून गाव आणि प्रमुखाचं नाव जुळवून मशीन एक घर धरायचं. "हा रकाना रिकामा राहिला की ते कार्ड मशीन बाहेर टाकतं. ते घर त्याच्यासाठी नाहीच," ते म्हणाले. हे मला अगदी स्वच्छ कळलं होतं. माहीत नव्हतं अशी सबब मला नाही.

पहिल्याच गावात त्या रकान्यानं आमची गंमत केली. बाईला मालकाचं नाव विचारलं की ती लाजायची आणि शेजारणीकडं बघायची. शेजारीण ठणकावून नाव सांगायची, मग हिची पाळी आली की ती लाजायची. एकीजवळ शेजारीण नव्हती. ती म्हणाली, "सकाळी उगवतो न्हाई का, त्याचंच नाव हाय." मी अंदाजानं एक नाव लिहिलं. मागून एक म्हातारा ओरडला, "अहो, ते तिच्या सासऱ्याचं लिवलं तुमी! नवरा ह्यो, त्याचंबी उगवणाराचंच, पण दुसरं!" साहेब पोट धरून हसले. पण संध्याकाळी त्यांनी नियम केला: अंदाजानं नाव लिहायचं नाही. दुसऱ्या माणसानं स्पष्ट सांगितलं तरच लिहायचं. आणि दुकान चालवणाऱ्यानं माहिती द्यायची नाही, कारण तो गिऱ्हाइकं फुगवून सांगेल. दोन्ही नियम चांगले होते. आजही मी तेच केले असते.

आमच्या गावाची पाळी आली तेव्हा मी साहेबांना म्हणू शकलो असतो, की तिथं दुसऱ्याला पाठवा. म्हटलं नाही. का, असं त्यांनी विचारलं असतं.

एसटीनं गेलो. दुपारचं ऊन. दुकानापुढं बायकांची ओळ लागलेली होती, त्या दिवशी रॉकेल आलं होतं. मोठीमायनं मला लांबून पाहिलं. तिचा चेहरा उजळला आणि जयभीम करायला तिचा हात वर गेला.

मी म्हणालो, "नमस्कार बाई. आम्ही जालन्याहून आलो. संस्थेकडून."

तिचा हात अर्ध्यावर थांबला. तो तिनं कपाळाकडं नेला आणि पदर सारखा केला. माझ्याकडं एकदा पाहिलं, शेजारी उभ्या असलेल्या साहेबांकडं पाहिलं. तिला सगळं कळायला तेवढा वेळ पुरला.

"या साहेब," ती मला म्हणाली. "बसा. पानी आणू का?"

ज्या बाईनं मला कडेवर घेऊन विहिरीवर आंघोळ घातली, ती मला साहेब म्हणत होती. ओळीतल्या बायकांनी ते ऐकलं. त्यांनी रॉकेलचे डबे पुढं सरकवले. वस्तीनं मला सांभाळून घेतलं, मी न सांगता.

तांब्या आला. साहेब वर धरून घटाघटा पाणी प्यायले, तोंड पुसून "वा, गार आहे" म्हणाले. त्यांनी इकडं तिकडं पाहिलंसुद्धा नाही. मी म्हणालो, मला तहान नाही. घशाला कोरड पडली होती.

साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही याच भागातले ना? इथलं कुणी ओळखीचं?"

"नाही साहेब. मी अंबडचा."

मोठीमाय तेव्हा वजनं पुसत होती. पुसत राहिली.

फॉर्म सुरू झाले. गाव, किती माणसं, काय नेता, किती दिवसांनी येता. सगळं बराबर सांगत होत्या. मग तो रकाना. आणि इथं घोटाळा झाला. दुसऱ्या गावांत ओळ मिसळ माणसांची असायची, शेजारीण नाव सांगायची. आमची वस्ती म्हणजे एक भावकी. हिचा नवरा तिचा भाया, म्हणजे थोरला दीर, तिचा नवरा हिचा चुलत सासरा. एकमेकींच्या नवऱ्यांची नावंही त्या घ्यायच्या नाहीत. पुरुष पैठणच्या धरणाच्या कालव्यावर खोदकामाला गेल्ते, आठवडा आठवडा तिकडंच. पोरं शाळेत. म्हाताऱ्या घरी तान्ह्या लेकरांजवळ.

"मी सांगते की," मोठीमाय आतून म्हणाली. "माझे धाकले दीर आन् पुतने हायेत समदे. मला चालतं."

साहेब नम्रपणे म्हणाले, "बाई, माफ करा. तुम्ही नाही सांगायचं. नियम आहे."

एक बाई म्हणाली, "मी सासूला बोलावून आणते, थांबा." साहेबांनी घड्याळ पाहिलं. परतीची एसटी चुकली तर मुक्काम पडणार होता आणि दुसऱ्या दिवशी दुसरं गाव होतं. "राहू द्या," ते म्हणाले. "जेवढं होईल तेवढं."

ओळीत माझी एक वहिनी होती, चुलतभावाची बायको. तिच्या लग्नात वरातीपुढं मी नाचलो होतो. जिभेनं तिखट. तिची पाळी आली.

"काय इचारून राह्यले साहेब? मालकाचं नाव? आन् न्हाई सांगितलं तर रॉकेल परत वतून घेता का?"

"नाही बाई. फक्त नाव हवंय."

"मंग तुमीच टाका की एखादं. शिकलेले हाव तुमी." ती माझ्या डोळ्यांत पाहत होती. "तुमाला बिलकुल काईच ठाऊक न्हाई व्हय?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबांनी विचारलं, काय म्हणते? मी म्हणालो, मस्करी करतेय. आणि रकाना रिकामा ठेवून पुढच्या बाईला हाक मारली.

ती मस्करी नव्हती. ती मला वाट करून देत होती. तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, "हो, ठाऊक आहे. माझ्या भावाचं नाव आहे ते." साहेब फार तर चकित झाले असते. म्हणाले असते, अरे मग लिहा की, आधी का नाही सांगितलं? त्यांना काही वाटलं नसतं, हे मला पाण्याच्या तांब्यानंच कळलं होतं. पण ते जालन्यात माझ्या घरमालकांकडं चहाला यायचे. गप्पांत सहज बोलून गेले असते. एवढ्यासाठी.

निघताना मोठीमाय म्हणाली, "जल्दी जा साहेब, गाडी यायची टाइम झाली." मागं वळून पाहिलं नाही मी.

यानंतरचं जे आहे ते जास्त वाईट आहे. ओळीपुढं उभं असताना माणूस गांगरतो, असं म्हणता येईल. पण ते फॉर्म पुढचे काही दिवस जालन्यात माझ्याच टेबलावर होते. गावनिहाय गठ्ठे बांधून मुंबईला पाठवायचं काम माझं होतं. आमच्या गावाचा गठ्ठा उचलला की कळायचं, जवळजवळ सगळेच रकाने कोरे. मी दौतीत टाक बुडवला होता एकदा. पहिल्या फॉर्मवर हात नेला. मग मनात आलं, साहेबांनी हे कोरे पाहिलेत. विचारलं, ही नावं कुठून आली, तर? टाक पुसून ठेवला. दुसऱ्या दिवशी परत तेच. ज्या दिवशी गठ्ठे गेले, त्या दिवशी मला हलकं वाटलं. हेही लिहून ठेवतो. हलकं वाटलं.

उन्हाळा संपता संपता मुंबईहून यादी आली. लांबलचक कागद, एकमेकाला जोडलेली पानं, कडेला भोकं. ऑफिसातला प्रत्येक जण हात लावून बघत होता. साहेबांनी आमच्या गावाच्या ओळीवर बोट ठेवलं. गिऱ्हाइक घरं अगदीच मोजकी दाखवली होती. ती वरच्या गल्लीतली होती, हे मला बघताच कळलं. त्यांच्या शेजारणींनी नावं सांगितली होती. दुकान तिथून हलवून मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर न्यावं, असा निकाल होता.

साहेब जरा थबकले. "ओळ तर बरीच मोठी होती तिथं, नाही? बायका होत्या की."

माझ्याकडं बघून विचारलं. ती दुसरी वाट.

"रॉकेल आलं होतं साहेब त्या दिवशी," मी म्हणालो.

"हां. तेही खरं," ते म्हणाले आणि पुढच्या ओळीवर गेले.

माल आणि तराजू आणायला टेम्पोबरोबर मलाच पाठवलं. जाऊ नये म्हणून ताप आल्याचं सांगून पाहिलं, पण खरंच कुणी दुसरं नव्हतं. साहेब बरोबर नव्हते. त्यामुळं मोठीमायला मी मोठीमाय म्हणू शकलो. तिनं आधी जेवायला वाढलं: भाकरी, पिठलं, तेलात परतलेली मिरची. मग माल मोजून दिला. तराजूच्या साखळ्या गुंडाळून पोत्यात ठेवल्या. वस्तीतल्या बायका लांब उभ्या होत्या. वहिनी आली नाही.

टेम्पोत शेवटचं पोतं चढवलं तेव्हा मोठीमायनं विचारलं, "बाबा, एक सांग. आमची नावं गेल्ती ना त्या मशीनमदी?"

"गेल्ती," मी म्हणालो.

तिनं रिकाम्या खोलीची कडी लावली. "मंग बराबर हाय. मोजून बघितलं आन् आपुन कमी पडलो. मशीनचा काय दोस?" मग मलाच धीर दिल्यासारखं म्हणाली, "तू कशाला तोंड पाडतो? तुझं कामच हाय ते."

फाटा लांब होता. उन्हातून डबा घेऊन रॉकेलसाठी तिकडं कोण जाणार? बायका परत चौकातल्या ओट्याखाली उभ्या राहू लागल्या. आई सांगायची, पहिल्या दिवशी वहिनीनं पदर धरला नाही, हात पुढं केला. दुकानदार थांबला. ही थांबली. शेवटी मागची माणसं ओरडायला लागली आणि हिनं पदर धरला. पत्र्याच्या खोलीत पुढं कुणीतरी कडबा भरला. मोठीमाय लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. तिचे हात तराजूला सरावलेले. खुरपं तिला शेवटपर्यंत नीट धरता आलं नाही.

मी त्याच संस्थेत राहिलो. बढत्या मिळाल्या. घर बांधलं, माझ्याच लोकांच्या कॉलनीत, दारावर अशोकचक्र लावून. आता लपवण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच जे लपवलेलं आहे ते एकटंच मागं उरलंय. पन्नाशी उलटली. ऑफिसात आता पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा दिसतो, प्रत्येक गाव म्हणजे एक ठिपका, बोटानं बटण दाबलं की कुठं दुकान चालेल ते रंगानं उमटतं. एमआयडीसीतल्या कामगारवस्त्यांसाठी परवाच तसं काढलं. पोरं हुशार आहेत. मी त्यांना सारखं विचारतो, जे कागद अपुरे म्हणून टाकले ते कुठं आहेत, ते दाखवा. ती म्हणतात, सर, त्यानं फरक पडत नाही, मशीन सांभाळून घेतं. मी तरी दाखवा म्हणतो. कंटाळून दाखवतात. मी बघतो, आणि मला त्यांतून काही कळत नाही. कोरा रकाना कोराच दिसतो. तो का कोरा आहे ते ज्याला ठाऊक असतं, तो गप्प असला की संपलं.

मोठीमाय अजून आहे. नजर कमी झाली. बुद्धपौर्णिमेला गावी गेलो होतो, तेव्हा ती नातवंडांना माझं कौतुक सांगत होती. "ह्याच्या हापिसात मोठाल्या मशिनी हायेत. पयल्या मशीनमदी आपुनबी गेल्तो बरं का. पण आपली घरंच थोडी, काय करणार?" पोरं मान हलवत होती. तीही आता हेच म्हणत मोठी होणार. मी शेजारी बसलो होतो. पाणी मागितलं, तिनं दिलं, मी प्यालो. वहिनी दारात उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि आत गेली. तिनं हे कधी कुणाला सांगितलं नाही.

दुकान मी परत आणून देऊ शकत नाही. त्या खोलीच्या भिंतीही पडल्या. पण मोठीमायला एवढं सांगायचं अजून राहिलंय: आपण कमी पडलो नव्हतो. आपल्याला मोजलंच नव्हतं, आणि ते मशीननं नाही, मी केलं.